तांबड्या फितीचे वाल

देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. त्याच्या नावे मिळकत असते, तो दावा लावू शकतो आणि त्याच्यावर दावा लावताही येतो. कोर्टातल्या नोकरीमुळे मला हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच पन्नास सालानंतरच्या एका शिमग्यात मी आमच्या ग्रामदेवतेला नोटीस लिहायला बसलो. तेव्हा डोक्यात जो गोंधळ शिरला, तो आजतागायत निघालेला नाही.

वाद कडव्या वालांचा होता. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हे पीक येते; पाणी मागत नाही, खत मागत नाही. मागायचे ते सगळे स्वयंपाकघरात मागते. दाणा कडू आणि नुसता कडू नव्हे, तर बाधणारा. तो भिजवा, पाणी फेका, मोड आणा, सोला, उकळा, पुन्हा पाणी फेका. माझी पुतणी देवरूखपलीकडे डोंगरातल्या गावी दिली होती. तिथे वैशाखात हंडा भरायला दरी उतरावी लागे. एका वर्षी पाणी वाचवण्यासाठी तिने अर्धवट भिजलेले वाल शिजवले, आणि ती व तिची सासू दोघी ओकून ओकून आडव्या झाल्या. त्या दिवसापासून वहिनीने, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीने, एकच ध्यास घेतला: लेकीला न बाधणारे वाल द्यायचे.

शेतकी खात्याच्या एका अधिकाऱ्याने तिला रीत सांगितली. शेंगा पिकू लागल्या की प्रत्येक वेलाचा एकेक दाणा चावायचा आणि थुंकायचा. ज्याचा कडू लागणार नाही त्या वेलाला खूण बांधायची, आणि पुढल्या साली त्याचेच बी पेरायचे. वहिनीने हे तीन हंगाम केले. खुणेसाठी फीत मी दिली. दफ्तरे बांधायची तांबडी फीत माझ्याकडे भरपूर होती.

आता, आमच्या गावात ज्या झाडाला तांबडी चिंधी बांधली ते देवाला राखलेले, ही रूढी मला माहीत नव्हती असे नाही. परंतु ती फणसाला आणि आंब्याला लागू आहे. एका हंगामात वाळून जाणाऱ्या वेलाला ती लागू होते, असे गावच्या इतिहासात कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. शिमग्याच्या आदल्या दिवशी आमचे मानकरी, म्हणजे देवाचा मान ज्यांच्या घराण्याकडे ते वृद्ध गृहस्थ, आमच्या मळ्यावरून गेले, त्यांनी फिती पाहिल्या, आणि भक्तिभावाने त्या सगळ्या वेलांच्या शेंगा खुडून पालखीच्या प्रसादाच्या स्वयंपाकाला दिल्या.

मला हे प्रसाद वाटून झाल्यावर कळले. मी त्यांच्या अंगणात जाऊन ओरडलो. ते सुपारी कातरत होते.

"तांबडा बांदलात तुमी, न् खुडलाव आमी. यात चोरी खयची?"

"ती खूण होती! बियाण्याची!"

"मग हिरवी बांदायची व्हती, वकीलसायब. देव काय तुमची दफ्तरं वाचतो?"

"सगळे शिजवलेत?"

"सगळे. भिजवाया येळ कुटं व्हता? तसंच टाकलाव टोपात. सारा गाव जेवला." ते थांबले. "पन कडू न्हाय लागलं हां. माझी म्हातारीसुद्धा बोलली."

इथे माझी मती कुंठित झाली. न भिजवता शिजवलेले वाल अख्ख्या गावाने खाल्ले आणि एकालाही बाधले नाहीत! वहिनीचे म्हणणे सिद्ध झाले होते, परंतु सिद्ध करणारा पुरावाच पोटात गेला होता. मागल्या सालचे बी पेरण्यात संपलेले. बिनखुणेच्या वेलांत कडू-गोड सगळे मिसळलेले. मी घरी येऊन देवाला, मार्फत मानकरी, नुकसानभरपाईची नोटीस लिहिली.

मानकऱ्यांनी ती डोक्याला लावली आणि देवापुढे ठेवली. "जबाबाला टपाल कशाला? कौल लावू."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर पाण्याने कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार. मी कडाडून हरकत घेतली. प्रतिवादीच न्यायाधीश होऊन बसतो, हे कोणत्या कायद्यात बसते? जमलेले लोक हसले. "देवावर भरवसा न्हाय, मग नोटीस तरी कोनाला पाटवलीत?" असे कोणीतरी मागून म्हणाले.

गुरवाने कळ्या लावल्या. मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घातले, "बा म्हाराजा, या लेकीचा बियाना तुझ्या पोटात ग्येला, ती चूक आमची झाली आसंल तर उजवा दे." लोक "व्हय म्हाराजा" म्हणेपर्यंत उजवी कळी पडली. दावा मी जिंकला. काय जिंकलो ते कळेना.

मानकऱ्यांनी वहिनीला विचारले, "काय होवा तुला, बाय?"

मी रक्कम सांगणार होतो. वहिनी म्हणाली, "कोणाच्याही मळ्यात जाऊन दाणा चावू द्या. अजून वाल उभे आहेत."

गावाने कबूल केले. भर उन्हात ती एकेका मळ्यातून चावत, थुंकत फिरली. मी मागून फिती घेऊन, यावेळी पांढऱ्या. दुपारी ती बांधावर बसली आणि म्हणाली, "भावोजी, आता सगळंच कडू लागतंय. जीभच मेली." मी एक दाणा चावला. मला तो कडू वाटला, मग वाटेना. दुसऱ्या दिवशी तिने त्यांतले काही वेल पुन्हा चाखले. कालचे गोड आज तिला संशयाचे वाटले.

सणाला माहेरी आलेली पुतणी पाडव्यानंतर सासरी निघाली. वहिनीने तिच्या हातात पांढऱ्या फितीच्या वेलांच्या बियांची एक लहान पुरचुंडी दिली आणि बजावले, "हे पेर. पण पहिल्या साली खायचे झाले तर भिजवूनच खा. पाणी फेकच."

"मग यांत वेगळं काय, आई?"

वहिनीने तिच्या हातातल्या पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली. पुतणीने माझ्याकडे पाहिले. "काका, तुम्ही सांगा. खात्री आहे ना?"

माझ्या हयातीत मी शेकडो लोकांकडून शपथपत्रे लिहून घेतली, आणि संदिग्ध उत्तर देणाऱ्यांवर खेकसलो. तिला मी म्हणालो, "बहुधा."

तिने पुरचुंडी कमरेला खोचली आणि ती वाटेला लागली.