गणूच्या शेळीत नळ आला

आता काय सांगू बाई तुम्हाला, मी माझ्याच हातानं माझी जी फजिती करून घेतली ना, तशी माझ्या वैऱ्यालाबी जमली नसती! हसायचं तर खुशाल हसा, मी रागावणार न्हाई. पण चहा घेता घेता पूर्ण ऐका, अर्धवट ऐकून गल्लीत सांगत सुटू नका.

कोरोनात शाळा बंद झाल्या, तसं माझं पाळणाघरबी बंद झालं. इतकी वर्षं घरात दहा लेकरांचा गलका, अन् एकदम सगळं सुनंसुनं. त्यात एक दिवस सुनंदा सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्याच गल्लीत राहतात. दवाखान्यात कोरोनाच्या वॉर्डात ड्युटी लागलेली. नवरा नोकरीला नांदेडला, तो तिकडंच अडकला. माहेर चाकूरला, पण तिथं आईबाप थकलेले. सोबत लेक ओवी, दुसरीतली, दोन वेण्या अन् पुढचे दात पडलेले.

"काकू, ड्युटीवाल्यांना तिकडंच ठेवून राहिलेत. घरी येता येणार न्हाई. ओवीला ठेवून घ्या."

"ठेवा की! लेकरू काय जड हाय का मला?"

"अन् एक सांगू का? तिला अजून धड वाचता येईना. शाळा बंद, बाई शिकवणार फोनवर. जेवली न्हाई जेवली चालंल, पण तिचं वाचन तेवढं सोडू नका."

बघा, एवढंच मागितलं होतं त्या माउलीनं. अन् मी काय म्हणले? "सिस्टर, तुम्ही बिनघोर जा! आपण लातूरचे हाव. साऱ्या महाराष्ट्राची लेकरं इथं शिकायला येतात, अन् आपल्या ओवीला वाचता येणार न्हाई?"

जिभेला हाड नसतं म्हणून काहीबी बोलावं का माणसानं?

पहिले काही दिवस मी इमानदारीनं शिकवलं बरं का. 'क'ला काना 'का'. पण पोरगी 'का' म्हणायची अन् पुढच्या अक्षरावर अडली की खिडकीबाहेर बघत बसायची. इकडं शाळेच्या बाईंचा रोज नवा धडा. धड्याचा फोटो ग्रुपवर यायचा अन् संध्याकाळपर्यंत लेकरानं वाचल्याचा व्हिडिओ पाठवायचा. बाकीच्या लेकरांचे व्हिडिओ टणाटण पडायचे. आमचं मात्र अजून 'का'च चालू! मी लई परेशान झाले.

मग माझ्या सुपीक डोक्यातून एक आयडिया निघाली. मी अख्खा धडा माझ्या आवाजात मोबाइलमध्ये भरला अन् ओवीच्या कानाशी लावून दिला. मी भाकऱ्या थापायचे, ती ऐकायची. अहो, काय डोकं त्या लेकराचं! दुपारपर्यंत धडा पाठ. मग पुस्तक समोर धरायचं, ओळीवरून बोट फिरवायचं, अन् मी व्हिडिओ काढायचा. बोट कुठं थांबवायचं, पान कधी उलटायचं, हेबी मीच शिकवलं. आहे की न्हाई पक्का लातूरचा माल?

आमचे मालक म्हणले, "अगं, हे वाचन हाय का?"

"तुम्ही गप बसा हो! तुम्हाला काय कळतंय शाळेतलं?"

बाईंनी ग्रुपवर टाळ्या पाठवल्या. दुसऱ्या लेकरांच्या आया मला फोन करून विचारायला लागल्या, "काकू, तुम्ही नेमकं कसं घेता हो वाचन?" मी आपली पदर सावरून सांगायचे, "धीर लागतो बाई, धीर!"

अन् सिस्टरचा निरोप यायचा. आवाज भरून आलेला. "काकू, साऱ्या वॉर्डाला दाखवला मी व्हिडिओ. तुमचे उपकार कसे फेडू?" ते ऐकून मला खुपायचं. न्हाई म्हणत न्हाई मी. पण वाटायचं, शिकवू की नंतर. आत्ता ती माउली तिकडं जीव मुठीत धरून काम करून राहिली, तिला तेवढंच सुख.

मग बाईंनी जाहीर केलं की शनिवारी सगळ्यांसमोर वाचन होणार, मोबाइलवर, आईवडलांसकट. धडा सकाळीच पाठवला. 'गणूची शेळी'. मी घाईघाईनं आवाज भरला, ओवीला दिला अन् कामाला लागले. काय भरलंय ते एकदा ऐकून तरी बघावं की न्हाई? न्हाई!

संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर चौकटीच चौकटी. एका चौकटीत सुनंदा सिस्टर, वॉर्डात जायच्या आधी, पांढऱ्या किटमध्ये पायापासून डोक्यापर्यंत बांधलेल्या. नुसते डोळे दिसत होते. ओवीनं हात हलवला, पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं अन् खणखणीत आवाजात सुरू केलं.

"गणूची शेळी रानात गेली. तिथं तिला हिरवा पाला दिसला. अहो, नळ आला, मोटर लावा! शेळी पाला खाऊ लागली. बहिरे झालात का? आठ दिवसांनी पाणी आलंय! तेवढ्यात तिथं गणू आला. आगं माय, दूध उतू गेलं! गणू शेळीला म्हणाला, तुमच्या आईनं हेच शिकवलंय का तुम्हाला?"

माझ्या सासूबाई आतल्या खोलीत होत्या, ते वेगळंच महाभारत. ते सोडा.

सगळ्या चौकटी हसून हसून लोटपोट. ओवीला वाटलं आपण लई छान वाचलं, तीबी हसायला लागली. बाईंनी हसू आवरत विचारलं, "ओवी बाळा, 'नळ आला' कुठं लिहिलंय? दाखव बरं."

अन् त्या लेकरानं, देवाशपथ, पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय, इथं."

तेव्हा हसणं थांबलं हो.

सिस्टरच्या किटवर छातीशी मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. किटमध्ये कोण हाय ते ओळखू येत न्हाई म्हणून तिथं सगळे नावं लिहितात. त्या फोन जवळ घेऊन हळूच म्हणल्या, "ओवी, माझ्या अंगावर काय लिहिलंय गं? वाच की."

'ओवीची आई.' एवढंच लिहिलं होतं.

ओवीनं बघितलं. पुन्हा बघितलं. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. अन् मी? मी मोबाइलच्या मागून ओठ हलवून तिला सांगायला लागले! त्या घडीलाबी माझं तोंड थांबेना!

"काकूकडं का बघितलंस तू?" सिस्टर म्हणल्या. हातमोज्यानं डोळे पुसायला गेल्या, पण वर काच होती, पुसता आले न्हाईत. फोन बंद झाला.

मी त्या दिवशी जेवले न्हाई. सिस्टर भांडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. पुढं सुटी मिळाल्यावर भेटायला आल्या, तेव्हाबी एवढंच म्हणल्या, "काकू, येत नव्हतं तर येत न्हाई म्हणून सांगायचं ना. मला खरं चाललं असतं." ते वाक्य अजून माझ्या छातीत रुतून बसलंय.

मग मोबाइल ठेवला कपाटात अन् 'का'पासून पुन्हा सुरू केलं. शेंगा पसरून अक्षरं केली, मीठ-मिरचीच्या डब्यांवरची नावं वाचली. पोरगी अडली की मी थांबायचे. थांबणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं मला. पण ती वाचायला लागली हो, हळूहळू, अडखळत, स्वतःचं स्वतः.

ड्युटी संपून सिस्टर तिला न्यायला आल्या, तेव्हा येताना गोष्टीचं एक नवंकोरं पुस्तक घेऊन आल्या. मी कधी न बघितलेलं, ओवीनंबी न बघितलेलं. मी उत्साहानं म्हणलं, "वाच ओवी, दाखव आईला!"

ओवीनं पुस्तक उघडलं, माझ्याकडं बघितलं अन् म्हणली, "काकू, तुम्ही आधी बाहेर जा."

माझ्याच घरातून मला काढलं! बरोबरच हाय म्हणा. गेले, चपलांजवळ उभी राहिले, दार ओढून घेतलं. आतून आवाज येत होता. "एक... होता... हत्ती. त्याची... सों..." अन् अडली. पदराचा बोळा तोंडात कोंबला. बराच वेळ काही आवाजच येईना. मला राहवेना. दाराच्या फटीला तोंड लावून अगदी हळू, अगदी बारीक आवाजात म्हणलं, "सोंड..."

आतून ओवी ओरडली, "काकूऽ, मला येत होतं ना!"