शिंगणापूरला नेलेलं कुलूप

शनिशिंगणापूरला भेट म्हणून कुलूप घेऊन जाणारी अख्ख्या नगर जिल्ह्यात मी एकटीच असेन. कसं झालं ते सांगते.

मी नगरला सोलर दुरुस्तीचे वर्ग घेते. यंदाच्या तुकडीत आसामहून जोनाली आली होती. तिच्या गावाशेजारी तेलविहिरी आहेत. पाइप फुटून भातशेतात तेल पसरलं, तळ्यातले मासे गेले. विहिरीवरची गॅसची ज्वाळा रात्रंदिवस जळते आणि गावातल्या घरांत मात्र अंधार. गावानं एकदा सोलर बसवून घेतलं, तेही सहा महिन्यांत बंद पडलं. आता परत गेल्यावर तिला गावसभेत पुन्हा सोलरचाच विषय काढायचा होता. जुनी माणसं काय विचारणार हे तिला पाठ होतं: "या वेळी वेगळं काय?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. म्हणून शेवटच्या दिवशी म्हटलं, चल, नीट चालू असलेलं एक गाव तरी दाखवते.

तारकपूर स्टँडवरून संभाजीनगरकडची एसटी पकडायची, घोडेगावला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. तास-दीड तासात पोचता. जाणार असाल तर शनिवार टाळा, शनिअमावस्या तर नक्कीच टाळा. वाटेत पूजेचं ताट गळ्यात मारणारे भेटतील, हसून पुढे निघायचं. रसवंतीवर मात्र थांबाच. जोनालीनं दोन ग्लास रिचवले आणि चरक फिरवणाऱ्या बैलाचे फोटो काढले. माझा एकही नाही.

देवळात तेल वाहणाऱ्यांची रांग बघून ती म्हणाली, "आमच्याकडे तेल न बोलावता येतं." मी हसले आणि लगेच मला वाईट वाटलं.

मला दाखवायची होती ती वस्ती देवळापासून लांब शिवारात आहे, उसामधून वीसेक मिनिटांची चाल. सामायिक सोलरवर पाण्याची मोटर, पिठाची गिरणी आणि घरोघरचे दिवे चालतात. आम्ही पोचलो तेव्हा वस्तीवरच्या हौसाबाई पदर खोचून पॅनल धूत होत्या. आज त्यांच्या घराची पाळी होती. मी ऐटीत कुलूप पुढे केलं.

"ह्ये कशाला वं, बाई?"

"बॅटरीच्या खोलीला. माझ्या वर्गात पहिला नियमच हा, खोलीला कुलूप."

हौसाबाईंनी नुसतं बोट दाखवलं. खोलीला दारच नव्हतं! कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला एक फळी टेकवलेली, बस्स. इथल्या घरांना दारं नसतात हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, तरी माझी अक्कल चरायला गेली होती. हौसाबाई हसून हसून ओट्यावर बसल्या.

जोनाली हसली नाही. तिनं माझ्याकरवी विचारलं, "बंद पडलं तर कोण येतं?"

"कोन येनार? आमीच की! लाल दिवा लागला की जो वाटंनं जाईल त्यो फळी सारतो अन् बगतो. समद्यांना ठावं हाय कुठलं बटन काय करतं. लईच अडलं तर मग फोन."

जोनालीनं फळी सारून आत डोकावलं आणि म्हणाली, "आमचा ठेकेदार दाराला कुलूप लावून किल्ली शहरात घेऊन गेला होता. काही महिन्यांनी दार फोडलं, तेव्हा कळलं की फक्त एक बटण ट्रिप होऊन बंद झालंय. पण तोवर बॅटऱ्या मेल्या होत्या." मी हे हौसाबाईंना मराठीत सांगितलं. त्यांचं हसू थांबलं. "आरं द्येवा," म्हणत त्यांनी तिचा हात धरला आणि कुठलं बटण काय करतं ते स्वतः दाखवलं. दुभाषी म्हणून माझी गरजच उरली नाही.

मग पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पीठ त्याच गिरणीवरचं. पैसे विचारले तर रागावल्या.

परतीच्या एसटीत जोनाली वहीत काहीतरी लिहीत होती. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि मी रोज उगाच फोन बघत राहिले. इतकी धाकधूक मला स्वतःच्या निकालाचीही नव्हती.

गेल्या आठवड्यात तिचा फोटो आला. सोलरच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून विटांवर आडवं ठेवलंय आणि त्यावर पाच म्हाताऱ्या ऐसपैस बसल्यात. खाली लिहिलं होतं: सभा हो म्हणाली. अट एकच, दार परत लावायचं नाही.

मी वर्गाच्या नियमांच्या यादीतली पहिली ओळ खोडली. कुलूप आता माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही.