ऐरणीची झिजलेली कड

मामांची ऐरण मार्गशीर्षात फुटली. पौषातल्या त्र्यंबकच्या यात्रेला महिना उरला होता आणि पंचवटीतल्या त्यांच्या भात्यासमोर सात बैलगाड्यांची चाकं लोखंडी धाव चढवायची म्हणून टेकून ठेवलेली होती. त्यांनी बुधवारच्या बाजारातून दुसरी ऐरण आणली, जुनी. विकणाऱ्याला ती कुठली हे सांगता आलं नाही. भंगारात आली, एवढंच तो म्हणाला.

मामांनी ती बाभळीच्या ओंडक्यावर बसवली, पण तिच्यावर घाव घातला नाही. आमच्या लोहारांत असं मानत की, ऐरण घरातून विकली जात नाही. चोरी झाली किंवा घरातलं शेवटचं माणूस गेलं, तरच ती बाजारात येते. अशा ऐरणीवर जो पहिला घाव घालतो, त्याच्या घराला तेच भोगावं लागतं. चार दिवस मामा तिच्याभोवती फिरत राहिले. गाडीवाले येत आणि चाकाकडे बघून परत जात.

मी त्या वेळी एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. मामींनी मला बोलावून घेतलं. ऐरणीच्या अंगावर गंजाखाली अक्षरं होती. मी घासलेटने ती बाजू पुसली, छापखान्यातला पातळ कागद लावला आणि वरून पेन्सिल घासली. विलायतेतल्या एका गावाचं नाव आणि कारखानदाराची अर्धी पाटी उमटली. तीन आकडेही उमटले. ते मी अर्धवट पुसला गेलेला सन समजलो. कोळशाच्या वखारीतल्या काटेवाल्याने ते विलायती मापातलं वजन असल्याचं सांगितलं. मी कागद मामांपुढे धरला.

"म्हणजे गोऱ्याने ओतली," मामा म्हणाले. "ते मलाही दिसत होतं, पेपरवाल्या. हिच्यावर ठोकलं कुणी?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

मामांनी हातोडा उचलला आणि घाव न घालता नुसते उभे राहिले. उजव्या हाताने ठोकणारा लोहार ऐरणीचं शिंग, म्हणजे तिचं निमुळतं टोक, डावीकडे ठेवून उभा राहतो, त्यामुळे त्याच्या बाजूची कड झिजते. इथे ती कड कोरी होती. मामा वळसा घालून पलीकडे गेले. पलीकडची कड गोल झाली होती आणि तिथे उभं राहिलं की शिंग उजवीकडे येत होतं.

"हा डावरा होता," ते म्हणाले. त्यांनी शिंगावर तळवा फिरवला. ते आरशासारखं गुळगुळीत होतं. "आणि सारखं काहीतरी वळवत होता."

शिंगावर सारखे वळवतात ते घोड्याचे नाल, म्हणून आम्ही टांगा अड्ड्यावरच्या नालबंदाकडे गेलो. तो म्हातारा एका घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. मामांनी विचारलं, "चाचा, डाव्या हाताचा नालबंद कोणी माहीत आहे?"

"एकच. माझा थोरला भाऊ. देवळालीला, फौजेच्या घोड्यांचं काम करायचा. आता फौजेला घोडे नकोत, मोटारी पाहिजेत."

"आहे?"

"आहे म्हणजे? दोन वेळा जेवतो आणि चार वेळा भांडतो. फक्त दिसत नाही त्याला."

थोरला भाऊ देवळालीत अंगणात बाजेवर बसलेला होता. मामांनी ऐरणीचं वर्णन करताच तो म्हणाला, "झिजलेल्या कडेखाली तीन खुणा आहेत? तट्टू, टांगा, फौज. नालांची तीन मापं."

आम्हाला सांगता आलं नाही. मी फक्त अक्षरांची बाजू पुसली होती.

"पोरगा लॉरी चालवतो," म्हातारा म्हणाला. "त्यानेच विकली. मी बोललो, विक. घर भरलेलं आहे, लोहारदादा, बेशक ठोका. पण ही नालाची ऐरण आहे. मधली मान पातळ. गाडीची धाव हिच्यावर जोडू नका. घण सोसणार नाही."

परतल्यावर मामांनी पलीकडची बाजू पुसली. तीन खुणा होत्या.

ते चाकांकडे बघत बसले. मामी म्हणाल्या, "चाकं दुसऱ्या लोहाराकडे पाठवा. बैल तर इथूनच जाणार ना? त्यांच्या खुरांना नालाच्या पत्र्या कोण मारणार?"

"मी आता नालबंद होऊ?"

"मग बसा ऐरणीची राखण करत."

मामांनी शेंदूर लावला आणि पहिला घाव हलका घातला. पुढचे पंधरा दिवस ते बैलांच्या पत्र्या घडवत राहिले. दर घावानंतर हात थांबे आणि ते नाद ऐकत. कोणी मध्ये बोललं की चिडत.

शेवटची जोडी त्र्यंबककडे गेली, त्या दुपारी त्यांनी ऐरण पुसली आणि मानेभोवती बोट फिरवलं. "तुझे डोळे चांगले आहेत," ते मला म्हणाले. "तड्याची रेघ दिसते का बघ."

मी बघितलं. रेघ नव्हती. त्यांनी पुन्हा बघायला सांगितलं.