ताप उतरला त्या सकाळी

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात माझी ती पहिलीच नोकरी. तिगावचे एक निवृत्त हेडमास्तर वॉर्डात भरती होते. संत्र्याच्या बगिच्यात त्यांच्या टाचेत काटा मोडला, पाय पोटरीपर्यंत सुजला आणि हुडहुडी भरून ताप आला. आम्ही पू काढला, पेनिसिलिन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो, तर मास्तरांच्या पत्नी, काकू, पिशवी भरत होत्या.

"ताप तं उतरला, डाक्टरसाहेब. आता सुट्टी देऊन टाका."

मी मास्तरांच्या कपाळाला हात लावला. गार, चिकट घाम. ते समोरच्या खाटेकडे बोट दाखवून ओरडले, "ए, मागच्या बाकावरचा! उभा राह्य, पाढा म्हण."

काकू हसल्या. "पहाटपासून वर्गच घेऊन राहिले. बरं वाटून राहिलं असंल."

मी घड्याळ बघून श्वास मोजले. पडल्या पडल्या माणूस धावत आल्यासारखा श्वास घेत होता. नाडी बारीक आणि पळती, रक्तदाब खाली गेलेला. लघवी विचारली, तर रात्रीपासून नाहीच. कॉलेजात आम्ही आधी तापाचा तक्ता बघायला शिकलो होतो, आणि तक्ता तर चांगला दिसत होता. पण पायातलं विष रक्तात पसरलं होतं. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात धरून पाहिला आणि हळूच म्हणाले, "नागपूरला पाठव. आपल्याकडे काय आहे?"

सलाईन होतं, दोन-तीन इंजेक्शनं होती. ती सगळी दिली. दवाखान्याची गाडी छिंदवाड्याला गेलेली. एका व्यापाऱ्याच्या जीपमधल्या संत्र्याच्या पेट्या उतरवून मास्तरांना आत निजवलं. काकू मला सारखं विचारत होत्या, "पण यायले ताप तं नाही ना आता?" अंग गार पडणं कधी तापापेक्षा वाईट असतं, हे त्यांना कसं सांगावं ते मला कळेना. "लवकर निघा, काकू," एवढंच म्हणालो.

जीप दुपारीच परत आली. नागपूर गाठून कोणी इतक्या लवकर येत नाही. काकू मागच्या बाजूला मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जवळ गेलो, तरी मला नाडी बघू देईनात.

"झोपले," म्हणाल्या. "उठवू नका."

मी जीपच्या दांडीला धरून तिथंच उभा राहिलो.