उष्टं गाणं

शिवाने वरवंटा तिसऱ्यांदा मारला तेव्हा बाजाचा कान फुटला आणि रक्त माझ्या पिठाच्या डब्यावर उडालं. तरी बाजाने बाथरूमची चौकट सोडली नाही. उजवा हात कोपरातून मोडला होता, तो तसाच त्याने चौकटीत अडकवून ठेवला होता. आत मोहन कडी लावून ओरडत होता.

"शिवा, महिनाभर तुका माकाच मारूचा होता मां? मग माका मार," बाजा म्हणाला. "पण ह्येच्यापर्यंत तुका जावक देवचंय नाय."

शिवाने चौथा घाव घातला. बाजा खाली बसला, पण दारातच बसला. मग बाकीचे पाच जण शिवावर पडले. मी तव्यावरचं तापलेलं उलथणं शिवाच्या मनगटावर दाबलं, तेव्हा कुठे वरवंटा सुटला. आणि हे सगळं होईपर्यंत माझ्या स्पीकरवर कुणीतरी परदेशी माणूस जीव तोडून ट्रम्पेट वाजवत होता. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

बाजा हे त्याचं खरं नाव नव्हे. देवगडकडचा माणूस, इथे कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत परांच्या बांधायच्या कामावर होता. अब्बासियात मी बावीस वर्षं डबे करते, त्यातली नऊ वर्षं तो माझ्याकडे जेवला. बसला की हात चालू. ताटावर, पाण्याच्या जारवर, शेजाऱ्याच्या पाठीवर, कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर. माझ्या डब्यांची झाकणं त्याने ठोकून ठोकून वाकडी केली. मी एकदा पळी उगारली तर म्हणाला, "मावशी, माझो हात रिकामो ऱ्हवलो की तो कोणाच्या तरी तोंडार जाता. म्हणान तेका कामाक लावतंय."

ते खरं होतं. तरुणपणी तो जहाजावर होता. झोपायच्या जागेवरून एकाशी भांडण झालं आणि याने त्याला इतका मारला की त्याचा डोळा गेला. बाजा ही गोष्ट लपवत नसे. नवीन कोणी खोलीत राहायला आला की पहिल्याच दिवशी सांगून टाकी. "मारलेलो माणूस जन्मभर आपल्याच खोलयेत ऱ्हवाक येता," म्हणे. "जा म्हटलं तरी जायत नाय."

त्याचं खरं काम दर आठवड्याला तो लॅपटॉपवर गाणी जोडायचा ते. ढोलांची गाणी रिफायनरीतला घानाचा वेल्डर देई. दक्षिण अमेरिकेतली नाचाची गाणी बाजाने जहाजावर असताना बंदराबंदरात गोळा केली होती. आणि जॅझ खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गोवेकराकडून. तो पूर्वी हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा. बाजा या तिघांची मोट बांधी. ढोल संपत आला की त्याच्याच ठेक्यात नाचाचं गाणं आत शिरे आणि त्याच्या पोटातून ट्रम्पेट निघे. मधूनमधून स्वतःच्या आवाजात तो सांगे, हे कुणाचं, कुठून आलं. आमची कोकणातली माणसं पहिल्यांदा हसली. मग एक जण म्हणाला, "ह्यो ढोल आमच्या देवळातलोच रे, नुसतो उनात जास्त तापवलेलो." त्यानंतर कुणी हसलं नाही. मला त्यातलं अक्षर कळत नसे. तसं मी म्हटलं तर बाजा म्हणाला, "कळना नाय ताच बरा, मावशी. शब्द कळले की भांडणा होतत."

त्याचा एक नियम होता. जोडलेली गाणी तो स्वतः आधी ऐकायचा नाही. नुसती टोकं ऐकून जुळवायची आणि पेनड्राइव्हवर घालायची. शुक्रवारी सुट्टी, सगळे माझ्याकडे जेवायला येत. तिथे सगळ्यांबरोबर पहिल्यांदा ऐकायची, आणि मग प्रत्येकाच्या डब्यात एकेक पेनड्राइव्ह. "एकट्यान आधी ऐकला की गाणा उष्टा होता," तो म्हणे. उष्टं कुणाला वाढायचं नाही, हे त्याने माझ्याच स्वयंपाकघरात पाहिलेलं. 

मग शिवाचा धाकटा भाऊ परांचीवरून पडला. वरची एक फळी जागेवर नव्हती. कमरेचं हाड मोडलं. परांची बाजाने बांधली होती, तेव्हा दोष बाजाचा. तो स्वतःही तेच म्हणाला. "मियाच बांधललंय. माझीच चूक आसतली." महिनाभर बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. शिवा त्याच्या ताटाशेजारून जाताना मुद्दाम थुंकायचा. मी शिवाला सांगितलं, थुंकायचं तर जिन्यावर जा, माझ्या फरशीवर नको. तो म्हणाला, "एक दिवस ह्येका मियां फाडतलंय, मावशी." बाजाने मान वर केली नाही. तो महिनाभर त्याचे हातही गप्प होते. ते मला जास्त वाईट दिसलं.

म्हणून मीच त्याला म्हटलं, गाणी आण. तो नको म्हणाला. "कोण ऐकतलो?" मी म्हटलं, "मी ऐकीन. स्पीकर माझा, खोली माझी. ज्याला ऐकायचं नाही त्याने ताट घेऊन जिन्यात बसावं." त्या शुक्रवारी त्याने पेनड्राइव्ह आणला आणि तो मी माझ्या हाताने स्पीकरला लावला.

शिवा उठला नाही. भिंतीकडे तोंड करून जेवत राहिला. ढोल झाला. मग बाजाचा आवाज आला, हे घानाच्या दोस्ताकडून. तो आवाज त्याने आदल्या दिवशी खोलीत पलंगावर बसून फोनवर भरला होता, कानात गाण्याची वायर घालून. त्याच्या वरच्या पलंगावर पडद्याआड मोहन बायकोशी फोनवर बोलत होता. बाजाला ते ऐकू आलं नव्हतं. फोनने ऐकलं होतं. बाजाच्या शब्दांच्या मागे मोहन स्पष्ट म्हणत होता, "फळी मियाच काढललंय गो. दुसरीकडे लावूक व्हयी होती. परत घालूक इसारलंय. आता बाजावर गेलाच हा तर जावंदे. तू कोणाक बोला नको."

नऊ वर्षांत त्या गाण्यांमध्ये बाजाचं बोलणं सोडून आम्हाला कळलेले शब्द तेवढेच.

मोहनच्या हातातला घास ताटात पडला. शिवा वळला. माझा वरवंटा पाट्यावर होता, खोबऱ्याचं वाटण अर्धं झालेलं. मोहन बाथरूमकडे धावला, शिवा त्याच्यामागे, आणि मध्ये बाजा गेला. महिनाभर ज्याच्यामुळे शिवाची थुंकी सोसली, त्याच्यासाठी तो दारात उभा राहिला. त्याचा हात जबर होता. शिवाला त्याने एका ठोशात लोळवला असता. पण त्याने हात चौकटीवरून उचललाच नाही.

इस्पितळात मी दोन वेळा गेले. दुसऱ्या वेळी त्याचा डावा हात चादरीवर होता आणि बोटं हलत नव्हती. मी नर्सला काही विचारलं नाही. घरी येऊन डबे भरले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मोहनने पोलिसांना आणि कंपनीला सगळं सांगितलं. शिवा तुरुंगात आहे. भाऊ गावी काठीवर चालतो. वरवंटा पोलिसांनी नेला, मी दुसरा आणला नाही. मिक्सर आहे. बाजाचे जुने पेनड्राइव्ह माझ्याकडे पीठ चाळायच्या चाळणीशेजारी डब्यात आहेत. शुक्रवारी एक लावते. मोहन अजून जेवायला येतो, दारापाशी बसतो, मी त्याला वाढते. गाणं चालू असताना तो जेवत नाही. संपलं की जेवतो.

त्या दिवशी खोलीत आम्ही नऊ जण होतो. आठ जगलो.