लाईट नसताना मायक्रोवेव्ह वाजला

मटणाचा गोठलेला गोळा मी प्लास्टिकच्या पिशवीसकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि फुल पॉवर दिली. मूर्खपणा माझाच.

आता पुढचं सांगतो… पण भूतखेत मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या विहारात अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचं असलं की माईक माझ्याच हातात असतो.

दुष्काळाचं साल. लातुरात टँकरच्या पाण्यानं मटण धुणं म्हणजे बायकोच्या शिव्या खाणं. म्हणून मी नांदेडला मेव्हण्याकडं जायचो — तिथंच मटण घ्यायचं, धुवायचं, गोठवायचं आणि थर्माकोलच्या डब्यातून बसनं आणायचं!

सासरे, म्हणजे आण्णा, नुकतेच दवाखान्यातून आमच्याकडं लातूरला आलेले. पोट नाजूक, अन्नावरची वासनाच उडालेली. त्या दुपारी पहिल्यांदा म्हणाले, "जावईबापू, जरा रस्सा मिळंल का?"

बायको शाळेवर. पण मी पेटलो — आण्णांना आज जेवू घालणारच!

पिशवी पाण्यात बुडवून ठेवायची, तर पाणी कुठलं? म्हणून मायक्रोवेव्ह. पिशवी वितळून चिकटली, कडा शिजल्या, मधे नुसता दगड. तेवढ्यात लाईट गेली. मी प्लग काढला, गोळा आतच राहू दिला. संध्याकाळी बघू म्हणून आडवा झालो.

टिंग… टिंग… टिंग…

आण्णा खोलीतून ओरडले, "काय वाजून राहिलं ओ?"

जाऊन बघतो तर लाईट नाही, प्लग खाली लोंबकळतोय. मायक्रोवेव्हचं दार उघडलं — गप्प. लावून वळलो — टिंग! माईकवाल्यानं थेट बायकोला फोन लावला.

"अहो, अर्धं कच्चं कोमट मटण तसंच ठेवलं? आत्ताच्या आत्ता शिजवा, न्हाईतर फेका! आण्णांना परत अ‍ॅडमिट करायचंय का? आन् पुढच्या बारीला पिशवी काढा, डीफ्रॉस्टवर ठेवा, मधीमधी उलटा!"

प्लास्टिक चिकटलेला भाग कापून फेकला, बाकीचं लगेच गॅसवर कुकरला लावलं. मायक्रोवेव्ह एकदम चिडीचूप.

नंतर मेकॅनिकनं तो उघडून बघितला. "प्लग काढल्यावर ह्यो वाजूच शकत न्हाई, साहेब." मग काय वाजलं? आजही मला सांगता येत नाही.

आण्णांनी मात्र वाटीभर रस्सा संपवला, माझी हकीकत शांतपणे ऐकली आणि तोंड पुसत म्हणाले,

"भूत-बित काई न्हाई, जावईबापू. तुमच्या हातचं मला खावं लागनार म्हून बोंबलत होतं ते बिचारं मटण."