टॅब चारणाऱ्या बाई

पालीजवळच्या आमच्या वाडीत दर शनिवारी शाळा सुटली की मनिषाबाई मुलांचे टॅब टोपलीत भरून सड्यावर निघतात. खाली रेंज नाही, वर कातळावर आहे. म्हणून वाडीने नाव पाडलं, टॅब चारणाऱ्या बाई. बाई हसतात आणि चढ चढू लागतात.

आधी असं नव्हतं. टॅब शाळेचे, पण कारभार वरून, जिल्ह्याहून. एका सुट्टीत तिथून कुणीतरी सगळे टॅब पुसून कोरे केले आणि मुलांची वर्षभराची चित्रं गेली. ‘जतन झाले’ असं टॅबच म्हणाला होता की! पण झालं होतं ते त्याच्याच पोटात. रेंजच नसल्याने सर्व्हरवर काही पोचलंच नव्हतं. त्या दिवशी मुलांच्या आधी बाई रडल्या. मला त्या तेव्हापासून आवडतात.

यंदा चौथीतल्या तेजस्वीने शाळेच्या टॅबवर आजोबांची गवळण रेकॉर्ड केली. तिचा हा आजोबा, दादू, म्हणजे आमच्या नमनाच्या खेळातला गाता गळा. घशातली गाठ काढायला तो कोल्हापूरला जाणार होता आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यातच निरोप आला, सोमवारी सगळे टॅब पुसणार.

शनिवारी दादूही बाईंबरोबर सड्यावर आला. मी तिथेच काजू वेचत होतो. ऊन कलून कातळ तांबूस झाला होता, पिकल्या बोंडांचा वास सुटला होता. टॅबवर एक बारीक चक्र फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. ती दोघं त्याच्याकडे बघत बसली होती. मीही बघत राहिलो, काजू विसरून. मग हिरवी खूण उमटली.

“दादूकाका, तुमचा आवाज वर गेला!” बाई आनंदाने ओरडल्या आणि त्यांनी जीभ चावली.

दादू खदाखदा हसला. “जांव द्या हो बाय. माज्या आदी जाऊन जागा तरी धरंल.”

ऑपरेशन होऊन तो परत आला, तेव्हा आवाज उतरवून घ्यायला आम्ही पुन्हा सड्यावरच गेलो. कोऱ्या टॅबवर तेजस्वीने आपलं नाव घातलं. चक्र फिरलं आणि गवळण कातळभर झाली. दादूने बोट आभाळाकडे केलं, मग हळूच खाली टॅबकडे आणलं आणि हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता.